सरकार लहान करायचं, पण कुठून?

२०२४ च्या पंधरा ऑगस्टला मी गावी होते. रात्रभर भुरभुर पाऊस झालेला, शाळेच्या मैदानात चिखल, आणि त्या चिखलातच सरांनी पहाटे उठून फक्कीने रांगा आखलेल्या. आमची जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंतची. मी तिथेच शिकले, तेव्हा भाचा तिथे दुसरीत होता. झेंडावंदनाला पोरं उभी राहिली तर रांगेत तीन तऱ्हेचे कपडे. काही जण गेल्या वर्षीच्या विटक्या गणवेशात, काही घरच्या रंगीत कपड्यांत, आणि ज्यांच्या वाट्याचा नवा गणवेश तेवढ्यात येऊन पोचला होता ते आकाशी शर्ट आणि गडद निळ्या पँटीत. भाच्याला नवा मिळालेला. खांद्याची शिवण कोपराकडे उतरलेली, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत, पँट करदोड्यात खोवून वर धरलेली. सलामीला हात वर गेला की बाही तोंडावर यायची. मग तो डाव्या हाताने ती मागे सारायचा आणि पुन्हा सलामी द्यायचा. त्याच्या पुढच्या मुलीची गत उलटी, काखेत इतकं घट्ट की बिचारीला हात नीट वर नेताच येत नव्हता.

शाळेच्या फाटकासमोर शिंपीकाकांचं दुकान आहे. या शाळेचे गणवेश कित्येक वर्षं तेच शिवत आले. जूनमध्ये वर्गात येऊन प्रत्येक पोराला भिंतीला पाठ लावून उभं करायचे, गळ्यातली टेप काढायचे आणि वहीत आकडा लिहिताना 'याला दोन बोटं वाढवून ठेवतो, दिवाळीपर्यंत उंच होईल' असं स्वतःशीच पुटपुटायचे. माझाही गणवेश त्यांनीच शिवला होता. राष्ट्रगीत संपलं, गोळ्या-बिस्किटं वाटून झाली, तसे ते माझ्याजवळ आले. भाच्याची बाही दोन बोटांत धरून शिवण उलटून पाहिली आणि म्हणाले, "ताई, याचं माप घेतलेलंच नाही हो कुणी." रागाने नव्हते म्हणत. धंदा गेल्याचं दुःख असेल, पण आवाजात त्याहून जास्त आश्चर्य होतं. लहान पोराचा सदरा माप न घेता शिवता येतो, हेच त्यांना पटत नव्हतं.

त्या वर्षी काय झालं होतं ते बहुतेक पालकांना आठवत असेल. आधी गणवेशाचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे आणि समिती गावातून किंवा तालुक्यातून कपडे घ्यायची. मग ठरलं की साऱ्या राज्याला एकच गणवेश, कापडाची खरेदी एकाच जागेवरून, शिलाई बचत गटांकडे. यामागचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. काही शाळांमध्ये समितीच्या नावावर चुलत्या-पुतण्यांची दुकानं चालत होती, कापड दोन धुण्यांत विरत होतं, हेही खरंच. बायकांना शिलाईचं काम मिळणार होतं. पण लाखो मुलांचं कापड एका दारातून निघून गावोगाव पोचेपर्यंत पावसाळा अर्धा उलटला, आणि कोणत्या गावात कोणत्या मापाची किती पोरं आहेत हे त्या दाराशी बसलेल्या कुणालाही कळण्यासारखं नव्हतं. तिथे कितीही हुशार आणि प्रामाणिक माणूस बसवला असता तरी कळलं नसतं.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, तेव्हा शेजारीच उभे होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "आमच्या कांद्याचं हेच केलं." आणि घराकडे चालू लागले.

नाना शेतकरी संघटनेचे. त्यांचा लाल बिल्ला अजून देवघराच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी असतो. मी लहान असताना आमच्या कांदाचाळीच्या भिंतीवर गेरूने लिहिलेलं होतं, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. मला अक्षरं लागली ती त्या भिंतीवर, पाटीवर नंतर. संघटना उभी करणाऱ्या शरद जोशींचं नाव घरात देवाच्या खालोखाल. स्वित्झर्लंडमधली बर्नची नोकरी सोडून सत्तरच्या दशकात परत आलेला, चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः तोट्याचा हिशोब मांडून पाहिलेला माणूस. शेतकरी आळशी आहे, अडाणी आहे, म्हणून गरीब आहे, असं तोवर सगळेच सांगत होते. यांनी वही उघडून दाखवलं की शेतीत तोटा होत नाही, तो केला जातो, आणि तो करण्याची यंत्रणा सरकारच्या हातात आहे. परवाने, लेव्ही म्हणजे सरकारी भावाने सक्तीची खरेदी, माल बाहेर न्यायला जिल्हाबंदी, निर्यातबंदी. संघटनेत याला 'उणे सबसिडी' म्हणत. नाना मला दहा-बारा वर्षांची असताना हे समजावत. सरकार एका हाताने खिशातून दहा रुपये काढतं आणि दुसऱ्या हाताने दोन रुपये देऊन फोटो काढतं. ते दोन नकोत, दहा काढू नका.

नाशिक जिल्ह्यातल्या घरात हे कळायला पुस्तक लागत नाही. २०२३ चा फेब्रुवारी मला स्पष्ट आठवतो. लाल कांदा निघालेला, आणि बाजार समितीत ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत. सकाळी थंडी होती, ट्रॉलीवरच्या कांद्याला तो जरासा गोडसर, ओलसर वास. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत होता. कुणीतरी मूठभर कांदा उचलायचा, अंगठ्याने पापुद्रा सरकवून बघायचा, टाकून द्यायचा, आणि बोली तीनशेवर थांबायची. क्विंटलला तीनशे. किलोला तीन रुपये. नानांनी पावती घडी करून खिशात ठेवली आणि हमाली-तोलाई वजा होऊन हातात काय आलं ते मला विचारूही दिलं नाही. पुढे राज्य सरकारने क्विंटलला साडेतीनशे रुपये अनुदान जाहीर केलं. त्यासाठी विक्रीची पावती हवी, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. ज्यांची ई-पीक पाहणी राहिली होती ते तलाठ्याच्या दारात. अनुदान मिळालं, ते लागलंही. पण त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, कांद्याला जरा बरा भाव दिसू लागला तेव्हा केंद्राने चाळीस टक्के निर्यातशुल्क लावलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली, ती उठली पुढच्या मे महिन्यात. भाव पडतो तेव्हा बाजार आमचा, चढतो तेव्हा सरकारचा.

लोकसभेच्या निवडणुकीत कांद्याने सत्ताधाऱ्यांचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. महिन्याभरात लाडकी बहीण आली.

माझी आत्या विधवा आहे, नानांच्या शेजारच्याच घरात राहते. तिच्या फोनवर पहिला मेसेज आला तेव्हा मी गावातच होते. तिने तो मला तीनदा वाचायला लावला. दीड हजार महिना. त्यातून ती रक्तदाबाच्या गोळ्या आणते, भिशी भरते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मुलापुढे हात न पसरता स्वतःच्या मनाने भाचीला, म्हणजे मला, साडीचं पीस घेऊन दिलं. मी ते पीस हातात घेतलं तेव्हा नाना ओट्यावर बसून होते, काही बोलले नाहीत. भीक नको म्हणणारी भिंत त्या ओट्यावरून दिसते. आत्याच्या पैशाला मी भीक म्हणू शकत नाही. कुणी म्हटलं तर मी भांडेन. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं तेव्हा हीच आत्या, नवीन लग्न झालेली, सासूला न सांगता ट्रकमध्ये उभी राहून गेली होती. तिथे बायकांनी कुणाकडे पैसे मागितले नव्हते. आमच्या घामाचा हिशोब करा म्हणाल्या होत्या. पुढे संघटनेने लक्ष्मीमुक्तीचं काम काढलं, नवऱ्याने आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. नानांनी आईच्या नावे वीस गुंठे केले. सरकारी योजना नव्हती, लाभार्थ्यांची यादी नव्हती, जाहिरातीचा फलक नव्हता. गावात बैठक झाली, लोकांना पटलं आणि नोंदी झाल्या. आई अजूनही त्या वीस गुंठ्यांबद्दल 'माझं रान' असं म्हणते.

आत्या तेव्हा ट्रकमध्ये होती आणि आता मेसेजची वाट बघते, यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मधल्या चाळीस वर्षांत कांद्याचा हिशोब कुणीच पुरा केला नाही, त्या हिशोबातले शिल्लक पैसे तिला हप्त्याने मिळत आहेत, इतकंच.

मी स्वतः पगारदार. दर फेब्रुवारीत पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कर दोनशेऐवजी तीनशे कापलेला दिसतो. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, मिळून अडीच हजार. ऑफिसमधली नवी पोरं विचारतात की हा कसला कर? हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठी आला. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आजीने पाझर तलावाच्या कामावर दगड फोडले, सुकडी खाऊन दिवस काढले. त्यातूनच पुढे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना कायद्यात उतरली. जो मागेल त्याला काम, आणि त्यासाठी शहरातल्या नोकरदाराने थोडा वाटा उचलायचा. मला हे फार सरळ वाटतं. कुणाकडून घेतलं, कशासाठी घेतलं, आणि काम पाहायचं तर कुठे जायचं, हे तिन्ही त्यात होतं. आजीला पात्रतेचा दाखला लागला नाही, कारण मे महिन्याच्या उन्हात दगड फोडायला गरज नसलेला माणूस येत नाही. सरकारने मर्यादेत राहावं असं मी म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर असा व्यवहार असतो.

आता १० मार्च २०२५ चा अर्थसंकल्प घ्या. मी तो दुपारी मोबाइलवर ऐकला, जेवणाचा डबा तसाच उघडा राहिला. खर्च सात लाख कोटींच्या वर. महसुली तूट ४५,८९१ कोटी. वर्षाअखेर राज्यावरच्या कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटी, म्हणजे आत्या, भाचा, शिंपीकाका, मी, सगळ्यांना धरून माणशी सत्तर हजारांच्या पुढे. लाडक्या बहिणीला ३६ हजार कोटी. महसुली तूट म्हणजे रस्ते-धरणांसाठी काढलेलं कर्ज नव्हे, रोजचा संसारखर्च उसनवारीवर चालला आहे असा त्याचा अर्थ. आत्याचा दीड हजार तिच्या भाच्याच्या पोराकडून, जो तेव्हा दुसरीत होता आणि ज्याला कुणी विचारलेलं नाही, आगाऊ घेतलेला आहे. हे मी आत्याला सांगितलं नाही. नानांना सांगितलं. ते म्हणाले, त्याला निदान मापाचा सदरा तरी द्यायचा होता.

अर्थसंकल्पावर रागावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि ती मला पुन्हा पुन्हा वाचाविशी वाटते. २६ मार्च १९०२ ला गोपाळ कृष्ण गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात पहिल्यांदा अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले, तेव्हा तिजोरीत तूट नव्हती, शिल्लक होती, आणि सरकार त्यावर खूश होतं. गोखल्यांनी ती शिल्लकच गुन्हा ठरवली. देशात दुष्काळ आणि प्लेग असताना तिजोरी भरते आहे, याचा अर्थ गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे. मिठावरचा कर कमी करा म्हणाले, आणि पुढच्याच वर्षी तो मणाला आठ आण्यांनी उतरला. पण सरकारने हात आखडावा असं ठासून सांगणारे हेच गोखले १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक घेऊन आले. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. त्यांच्याही तीस वर्षं आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यातला मुद्दा तर थेट जमाखर्चाचा होता. महसूल भरतो रयत, तिच्या घामाचा पैसा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, आणि शिक्षक असे नेमा ज्यांना नांगराची मूठ धरायला लाज वाटणार नाही.

या दोघांकडे पाहिलं की मला माझ्या मनातला गुंता थोडा सुटल्यासारखा वाटतो. कर कमी घ्या, माणसाच्या धंद्यात लुडबुड करू नका, पण गावातली शाळा चालवा, हे एका दमात म्हणण्यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. आज हे दोन वेगळे पक्ष झाले आहेत. एक बाजू म्हणते सरकारने सगळं करावं, दुसरी म्हणते सरकारने सगळ्यातून निघावं. आणि प्रत्यक्षात काय होतं? सरकार निघतं, पण नको तिथून. कांद्यातून निघत नाही, परवान्यातून निघत नाही, गणवेशाच्या रंगातून निघत नाही. वस्तीवरच्या शाळेतून मात्र निघायला बघतं, कारण तिथे वीसपेक्षा कमी पोरं आहेत.

कमी पटाच्या शाळांचा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा मी खर्चाच्या बाजूने विचार केला होता. बारा पोरांना दोन शिक्षक, पगार मोठे, म्हणजे त्या पोरांमागे वर्षाला जो खर्च येतो त्यात ती शहरातल्या चांगल्या खाजगी शाळेत शिकतील. हिशोब म्हणून चूक नाही. चार गावांची मिळून समूह शाळा केली तर मोठा वर्ग, प्रयोगशाळा, खेळायला गडी पुरे पडतील. पण आमच्या वस्तीपासून मोठ्या शाळेपर्यंत मधे ओढा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तो दोन-दोन दिवस उतरत नाही. गाडीची सोय करू म्हणतात. ती गाडी पहिल्या वर्षी येते, दुसऱ्या वर्षी बिल थकतं, तिसऱ्या वर्षी तिसरीतल्या मुलीचं शिक्षण थांबतं आणि ती कांदा निंदायला आईबरोबर जाते. मुलगा असेल तर सायकल घेतात. मी हे माझ्या वर्गातल्या मुलींच्या बाबतीत पाहिलं आहे, त्या आता चाळिशीच्या आहेत आणि लाडक्या बहिणीचा अर्ज त्यांनी दुसऱ्याकडून भरून घेतला.

खाजगी शाळांना मोकळीक द्या, पैसा पोराच्या पाठीमागे जाऊ द्या, पालक निवडतील, हे संघटनेतल्या अनेकांचं म्हणणं असायचं आणि मला त्यात तथ्य वाटतं. शिक्षण हक्क कायद्यात खाजगी शाळेला मान्यता घ्यावी लागते, मैदान, खोल्या, संडास सगळं दाखवावं लागतं, आणि नसेल तर टाळं. सरकारी शाळेला ती मान्यता घ्यावीच लागत नाही. हा दुजाभाव आहे. त्याच कायद्याने खाजगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागा गरीब घरच्या मुलांना मिळतात आणि त्यांची फी सरकारने भरायची आहे. आमच्या तालुक्याला माझ्या मैत्रिणीची छोटी इंग्रजी शाळा आहे. दर पोराला वर्षाला १७,६७० रुपये ठरलेले, आणि ते कधी येतील हे तिला कुणी सांगू शकत नाही. ती शिक्षकांचे पगार सोनं गहाण ठेवून करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियमच बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी १९ जुलैला तो रद्द केला. मैत्रीण म्हणाली, मला सूट नको होती गं, माझे पैसे हवे होते. तिचं बोलणं ऐकताना मला एकदम नानांची भिंत आठवली.

पण मोकळीक मिळाल्यावर काय होतं तेही आपण बघितलं आहे, आणि माझ्या बाजूच्या लोकांनी ते टाळून बोलू नये. १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयं आली. त्यातून खेड्यातली कितीतरी पोरं इंजिनियर झाली, माझा भाऊ त्यातलाच. त्याआधी त्यांना कर्नाटकात डोनेशन भरून जावं लागे. त्याच वाटेने 'कायम विनाअनुदानित' शाळाही आल्या, आणि त्यांतले शिक्षक. सही एका आकड्यावर, हातात दुसरा, किंवा काहीच नाही. दिवसा शाळा आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या द्राक्षबागेत डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला, जाणारे सर मी पाहिलेत. पुढे 'कायम' हा शब्द वगळला गेला, वीस टक्के, चाळीस टक्के, साठ टक्के अनुदानासाठी ते आझाद मैदानावर पावसात बसले. सरकारने शाळा काढू दिल्या, पण शिकवणाऱ्याच्या घामाचे दाम कोण देणार याचा करार नीट होतोय का हे पाहिलं नाही. करार पाळला जातो की नाही हे बघणं, फसवणाऱ्याला पकडणं, हे तर सरकारचं पहिलं काम. ते सोडून बाकीची सगळी कामं सरकारने अंगावर घेतली आहेत.

माझं सासर यवतमाळचं. सासूबाई कापसाच्या एकाधिकार खरेदीच्या गोष्टी सांगतात. १९७२ ला सुरू झालेली योजना, हेतू शेतकऱ्याला व्यापाऱ्यापासून वाचवण्याचा. राज्यातला कापूस राज्यानेच घ्यायचा, बाहेर विकायचा नाही. संकलन केंद्रावर बैलबंड्यांची रांग दोन-दोन दिवस, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची मर्जी राखायची, आणि पैसे हप्त्याहप्त्याने. शेवटी लोक रात्री पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे कापूस नेत. स्वतःच्या रानातला कापूस विकायला चोरासारखं जावं लागे. सासूबाई हे सांगताना अजून आवाज खाली आणतात, जणू नाक्यावरचा पोलीस ऐकतोय. ती योजना तीस वर्षं चालली, तोटा वाढत वाढत कोट्यवधींवर गेला आणि तो शेवटी करदात्याने भरला.

एका खरेदीदाराचा कापूस आणि एका दाराचा गणवेश यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे काम चांगलं व्हावं असंच कुणाला तरी वाटत होतं, आणि दोन्हीकडे ज्याचं काम त्यालाच विचारायचं राहिलं. गणवेशाच्या बाबतीत एक बरं झालं, सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय मागे घेतला आणि खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली. कापसाला जे कळायला तीस वर्षं लागली ते इथे एका वर्षात कळलं, कारण इथे पोरं पंधरा ऑगस्टला सगळ्या गावासमोर उभी होती. गणवेशाला तीनशे रुपये ठरलेत. तेवढ्यात कापड आणि शिलाई बसत नाही, असं शिंपीकाका म्हणतात. समितीच्या बैठकीत त्यावरून चांगलीच हमरीतुमरी झाली, कुणी म्हणे तयार कपडे घ्या, कुणी म्हणे वर्गणी काढा. ती भांडणं ऐकायला मला बरं वाटलं. ती आता शाळेच्या व्हरांड्यात होतात आणि त्यात पोराची आई बोलू शकते.

यंदा उन्हाळ्यात ग्रामसभेत वस्तीवरच्या शाळेचा विषय आला. पट कमी आहे, ती मोठ्या शाळेत मिसळावी की कसं, यावर बोलणं सुरू झालं. नाना सहसा ग्रामसभेत बोलत नाहीत. त्या दिवशी उठले आणि म्हणाले, ही शाळा बंद करू नका असा ठराव घ्या. मागून कुणीतरी विचारलं, "नाना, तुम्ही तर जन्मभर सरकार नको म्हणत आलात." माणूस टोचून बोलत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. नाना म्हणाले, "कांद्यातून उठा म्हणालो रे. शाळेतून उठा कधी म्हणालो?" आत्या बायकांच्या बाजूला बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "आणि कांद्यातून उठलात तर माझे पंधराशेही परत घ्या, पण आधी उठा." हसू पिकलं, टाळ्या पडल्या. मला मात्र ती जे म्हणाली ते अर्थसंकल्पावरच्या कुठल्याही चर्चेपेक्षा जास्त नीट मांडलेलं वाटलं. आधी घेणं थांबवा, मग देणं कमी करा. हा क्रम उलटा केला, आधी आत्याचे पंधराशे बंद करून कांद्यावरचा हात तसाच ठेवला, तर त्याला मी मर्यादित सरकार म्हणणार नाही, आणि तसं कुणी करू लागलं तर मी आत्याच्या बाजूने उभी राहीन.

ठराव झाला. शाळा या जूनमध्ये उघडली. दोन शिक्षक आहेत, त्यांतले एक मतदार यादीच्या कामाला गेले की दुसरे चारही वर्ग एका खोलीत बसवतात. सादिलचे, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचे, पैसे वेळेवर येत नाहीत म्हणून वीज दोनदा तोडली गेली आणि बिल गावाने भरलं, नानांनी त्यात कांद्याच्या पावतीतले हजार रुपये घातले. शाळेचा स्मार्ट टीव्ही लोकवर्गणीतून आलेला आहे, तो वीज असली की चालतो. पुढच्या ग्रामसभेत वीजबिलाचा विषय घ्यायचा आहे. शाळेचं वीजबिल गावाने का भरावं, आणि सात लाख कोटींतून सादिलची रक्कम मार्चच्या शेवटच्या आठवड्याऐवजी जूनमध्येच का मिळू नये, हे दोन प्रश्न नानांनी कागदावर लिहून माझ्याकडे पाठवलेत. मी ते टाइप करते आहे. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना जाईल, एक आमदारांना.